लॉगबुक, लोटस नोट्स आणि आप्पांची वही

गेल्या शनिवारी गावी जाऊन आलो. गाव पोलादपूर तालुक्यात, हायवे सोडून बरंच आत. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे त्यांना ते आवडणार नाही. कामं तीन होती. घराची कौलं बघायची, सातबाऱ्याचं एक लफडं निस्तरायचं आणि आप्पांना भेटायचं. पहिली दोन झाली नाहीत :)

आप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. महाड एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत तीसेक वर्षं प्लॅंट ऑपरेटर होते. आता रिटायर होऊन गावात राहतात आणि आमच्या ग्रामस्थ मंडळाचे खजिनदार आहेत. महाड-पोलादपूरकडच्या लोकांना मंडळ म्हणजे काय ते सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी थोडक्यात: आमच्याकडे घरटी एखादा तरी माणूस मुंबईला असतो. त्यामुळे मंडळ एक, पण टोकं दोन, एक गावात आणि एक मुंबईत. देवळाचा जीर्णोद्धार, पालखी, पाण्याची टाकी, कुणाचं आजारपण, सगळं या दोन टोकांमध्ये ठरतं. पूर्वी पत्रांवर आणि एसटीतून आलेल्या निरोपांवर चालायचं, मग एसटीडी बूथ आले, आता व्हॉट्सॲप आहे. थोडक्यात, आपण ऑफिसात ज्याला मोठ्या तोऱ्यात 'डिस्ट्रिब्युटेड टीम' म्हणतो ती आमच्या गावाने फार आधीपासून चालवली आहे.

या मंडळाचा सगळा कारभार आप्पांच्या एका लांबड्या वहीत असतो. तिची मांडणी बघण्यासारखी आहे. डाव्या पानावर घडलेलं: वेळ, काय झालं, कोणी सांगितलं. उजव्या पानावर वर लिहिलेलं असतं 'पुढच्याला', आणि खाली अर्धवट राहिलेली कामं. ही मांडणी त्यांनी कुठून आणली हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. कळलं तेव्हा माझा पोपट झालेला होता. आजचा लेख त्या पोपटाबद्दल आणि त्यामागच्या साठ वर्षांच्या इतिहासाबद्दल आहे. नेहमीप्रमाणे लांबणार आहे, तेव्हा चहा घेऊनच बसा.

*

२२ जुलै २०२१. सावित्री आणि गांधारीचं पाणी महाड शहरात शिरलं. त्याच दिवशी संध्याकाळी महाड तालुक्यात तळियेवर डोंगर कोसळला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. आमच्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीलाही दरडी कोसळून माणसं गेली. ज्यांना २००५ च्या जुलैमधलं जुई आणि दासगाव आठवत होतं, त्यांच्या पोटात गोळाच आला. वीज नाही, मोबाईलला रेंज नाही, रस्ते बंद. आमची वाडी वाचली, पण आजूबाजूच्या वाड्यांमधल्या लोकांना घरं सोडावी लागली.

मुंबईच्या मंडळाने दोन दिवसांत मदत गोळा केली. तांदूळ, डाळ, ब्लॅंकेट, ताडपत्र्या. मी पुण्यात घरी बसून होतो, वर्क फ्रॉम होमचे दिवस. हात शिवशिवत होते. म्हटलं आपण सॉफ्टवेअरवाले, आपल्याला हे तरी जमायलाच हवं. रात्री बसून एक ऑनलाईन शीट बनवली. प्रत्येक वाडीची एक ओळ, आठ कॉलम, ड्रॉपडाऊन, आणि 'वाटप झाले' निवडलं की अख्खी ओळ हिरवी. लिंक ग्रुपवर टाकली आणि पंधरा-वीस अंगठे मिळाले. मी खूश.

तिसऱ्या दिवशी शीट जवळजवळ पूर्ण हिरवी होती. प्रत्यक्षात एका वाडीला ब्लॅंकेटं दोनदा मिळाली होती आणि सगळ्यात वरच्या वाडीतल्या अकरा घरांना काहीच मिळालं नव्हतं. त्यातल्या एका घरात पंधरा दिवसांची बाळंतीण होती. त्या लोकांनी आणखी तीन दिवस ताडपत्रीशिवाय काढले, तशा पावसात.

चूक कोणाची? मुंबईहून टेम्पो भरून निघाला की तिकडच्या एका काकांनी प्रामाणिकपणे 'वाटप झाले' निवडलं. त्यांच्या बाजूने झालंच होतं की. गावात रेंज नव्हती, त्यामुळे शीट दुरुस्त करू शकतील अशा लोकांना ती दिसतच नव्हती. ज्यांना दिसत होती ते हिरवा रंग बघून निश्चिंत झोपत होते, मी धरून.

महिन्याभराने गावी गेलो तेव्हा आप्पांना लॅपटॉपवर ती शीट दाखवली. त्यांनी चष्मा लावून शांतपणे पाहिली आणि म्हणाले, "बाकी सगळं ठीक आहे रे तुझं. पण हे कोणी सांगितलं, ते कुठं लिहायचं?"

माझ्याकडे तो कॉलमच नव्हता. त्यांच्या वहीत त्या दिवसाची नोंद होती, 'टेम्पो निघाला, वाशीवरून फोन', पुढे फोन करणाऱ्याचं नाव. आणि उजव्या पानावर, 'वरची वाडी बघणे. कोणी पाहून आलेलं नाही.'

*

त्यानंतर बरेच वीकेंड मी एकच गोष्ट वाचत होतो. आपण रोज ऑफिसात वापरतो ती एकत्र काम करायची साधनं, म्हणजे चॅट, शेअर केलेली डॉक्युमेंटं, कॅलेंडरं, तिकिटं, ही मुळात आली कुठून? माझी समजूत होती की कुठल्यातरी स्टार्टअपच्या गॅरेजमधून. निघाली वेगळ्याच ठिकाणाहून. यातलं बरंचसं विद्यापीठं आणि कंपन्या एका टेबलावर बसल्यामुळे झालं आहे. आणि माझी चूकसुद्धा माझ्या कितीतरी आधी लोकांनी करून, तपासून, लिहून ठेवलेली आहे.

सुरुवात बहुतेक जण ९ डिसेंबर १९६८ पासून करतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका परिषदेत डग्लस एंगेलबार्ट नावाच्या संशोधकाने नव्वद मिनिटांचं प्रात्यक्षिक दिलं. तो स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधला, आणि ही संस्था तेव्हा स्टॅनफर्ड विद्यापीठाचाच भाग होती. माऊस, हायपरटेक्स्ट आणि दूर मेन्लो पार्कमध्ये बसलेल्या सहकाऱ्याबरोबर एकाच पडद्यावर एकाच वेळी काम, वर त्याचा चेहरा व्हिडिओत! आपल्या रोजच्या मीटिंगची आजीच म्हणा. पण ते प्रात्यक्षिक होतं. रोज हजार लोकांनी वापरायची वस्तू बनायला एक वेगळा रस्ता लागला, आणि मला तो जास्त आवडतो.

इलिनॉय विद्यापीठात १९६० पासून 'प्लेटो' नावाची संगणकावर शिकवायची यंत्रणा चालू होती. डोनाल्ड बिट्झर हा तिचा जनक आणि यंत्रं देणारी कंपनी कंट्रोल डेटा. शेकडो टर्मिनलं एका मोठ्या संगणकाला जोडलेली. आता एवढे लोक वापरणार म्हणजे तक्रारी येणारच. त्यासाठी एक सामाईक फाईल ठेवलेली होती, ज्याला बग सापडेल त्याने तिथे लिहावं. अडचण अशी की त्या फाईलमध्ये कोणीही काहीही खोडू शकत होतं आणि लिहिणारा कोण हे कळायला मार्ग नव्हता. ओळखीचं वाटतंय ना? १९७३ साली डेव्हिड वूली नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाला यावर उपाय करायला सांगितलं. त्याने 'नोट्स' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचं नाव आणि वेळ आपोआप, खाली तिला उत्तरं, आणि दुसऱ्याची नोंद खोडता येणार नाही. बस्स.

आप्पांच्या वहीचं डावं पान!

याच विद्यापीठात शिकताना रे ऑझी नावाच्या विद्यार्थ्याने प्लेटो वापरलं होतं. पुढे नोकरीत त्याला तशी सोय कुठेच दिसेना. मग १९८४ मध्ये त्याने आयरिस नावाची कंपनी काढली, पैसे लोटस कंपनीचे, आणि १९८९ च्या डिसेंबरमध्ये बाजारात आलं लोटस नोट्स. आपल्यापैकी जे २००० च्या दशकात मोठ्या कंपन्यांत लागले त्यांना तो पिवळा चौकोन आणि ते हळूहळू उघडणारं मेल आठवत असेल. शिव्याही आठवत असतील. १९९५ मध्ये आयबीएमने लोटस विकत घेतली आणि २०१९ मध्ये नोट्स आणि त्याचा सर्व्हर डॉमिनो आपल्या एचसीएलने आयबीएमकडून घेतले. इलिनॉयच्या बग लिहायच्या फाईलचा वंशज असा शेवटी भारतीय कंपनीच्या घरी आला.

*

पण साधन चांगलं असलं म्हणजे लोक एकत्र काम करतातच असं नाही. हे सगळ्यात नेमकं दाखवलं ते वांडा ऑर्लिकोव्स्की या एमआयटीच्या संशोधिकेने. एका मोठ्या सल्लागार कंपनीने हजारो लोकांसाठी नोट्स विकत घेतलं, हेतू हा की सल्लागारांनी आपलं ज्ञान एकमेकांना द्यावं. ऑर्लिकोव्स्कीबाई कंपनीत जाऊन लोकांशी बोलल्या आणि १९९२ मध्ये निष्कर्ष मांडले. बरेच लोक काही लिहीतच नव्हते. का? तिथे बढती मिळायची ती आपल्याकडे दुसऱ्यापेक्षा जास्त माहिती आहे म्हणून, मग ती फुकट कोण वाटणार? आणि नोट्स शिकायला गेलेला वेळ कुठल्याच ग्राहकाच्या बिलात लावता येत नव्हता. टाइमशीट भरणाऱ्या वाचकांना आणखी समजावायला नको.

या विषयाला नाव मात्र त्याआधीच मिळालं होतं. १९८४ मध्ये एमआयटीच्या आयरीन ग्राईफ आणि डेक कंपनीचे पॉल कॅशमन यांनी वीसेक लोकांची एक कार्यशाळा भरवली. एक विद्यापीठाची, एक कंपनीचा. त्यांनी विषयाला जे नाव दिलं त्याचं मराठी 'संगणकाच्या आधाराने चालणारं सहकार्याचं काम' असं काहीसं होईल. दोन वर्षांनी त्याची मोठी परिषद ऑस्टिनला भरली आणि तेव्हापासून संगणकवाल्यांच्या शेजारी समाजशास्त्रज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ बसू लागले. सुरुवातीला दोघांनाही एकमेकांची भाषा कळत नसणार याची मला खात्री आहे :)

१९८८ च्या परिषदेत जोनाथन ग्रुडिन याने एक निबंध वाचला. अशी सॉफ्टवेअरं का पडतात, हा त्याचा विषय. त्याचं पहिलंच कारण वाचून मी लॅपटॉप बंद करून एक चक्कर मारून आलो. तो म्हणतो, जास्तीचं काम एकाच्या गळ्यात पडतं आणि फायदा दुसऱ्याला होतो. उदाहरण सामाईक कॅलेंडरचं. मीटिंग ठरवणाऱ्या साहेबाची सोय होते, पण त्यासाठी हाताखालच्या प्रत्येकाने आपलं कॅलेंडर रोज भरायला हवं, आणि त्यांना त्यातून काहीच मिळत नाही. मग ते भरत नाहीत. वर ग्रुडिन हेही सांगतो की असली साधनं घ्यायचा निर्णय ज्यांना फायदा होतो तेच घेतात, म्हणून चूक दिसतही नाही.

माझी शीट कोणाच्या फायद्याची होती? मुंबई-पुण्याच्या लोकांना धीर यावा म्हणून. भरायची कोणी? चिखलातून चार किलोमीटर चालत, रेंज शोधत, गावातल्या माणसाने. त्याला तिच्यातून काय मिळणार होतं? काही नाही. त्याला तर वरच्या वाडीचं आधीच माहीत होतं.

*

आता लॅंकेस्टर. इंग्लंडमधल्या या विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ आणि संगणकवाले १९९० च्या आसपास लंडनच्या हवाई वाहतूक नियंत्रण केंद्रात जाऊन बसले. तिथे प्रत्येक विमानासाठी कागदाची एक अरुंद पट्टी असायची. नियंत्रक ती समोरच्या चौकटीत हाताने लावायचा आणि तिच्यावर पेनाने लिहायचा. कुठल्याही इंजिनिअरला पहिली गोष्ट काय सुचेल? हे हाताने कशाला, संगणक आपोआप क्रम लावेल. संशोधकांना बराच काळ शेजारी बसल्यावर दिसलं की हाताने पट्टी लावतानाच नियंत्रकाचं त्या विमानाकडे लक्ष जातं. इथे दोन विमानं जवळ येणार आहेत हे त्या क्षणी ध्यानात येतं. एखादी पट्टी जराशी बाजूला सरकवून ठेवली की शेजारच्यालाही न सांगता कळतं, हिच्यात काहीतरी घोळ आहे. जे काम वाचवायचं होतं, सुरक्षितता त्याच कामात होती.

तसाच दुसरा किस्सा झेरॉक्सचा. ज्युलियन ऑर हा झेरॉक्समध्ये काम करता करता कॉर्नेल विद्यापीठात मानववंशशास्त्राची पीएचडी करत होता. त्याने कॉपिअर दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकांबरोबर फिरून अभ्यास केला. कंपनीची समजूत होती की मेकॅनिक मॅन्युअल बघून दुरुस्ती करतात. ऑरला दिसलं की अवघड बिघाड सुटतात ते जेवताना एकमेकांना सांगितलेल्या गोष्टींवर. 'मागच्या महिन्यात तिकडच्या मशीनला असंच झालं होतं..' अशा. त्या कामाच्या मागोमाग झेरॉक्सने मेकॅनिकांच्या युक्त्या साठवणारी 'युरेका' नावाची यंत्रणा बनवली. युक्ती देणाऱ्याला काय द्यायचं असा प्रश्न आला तेव्हा मेकॅनिकांनी पैशापेक्षा युक्तीवर आपलं नाव असणं पसंत केलं. पुन्हा तेच, कोणी सांगितलं.

हे सगळं वाचून झाल्यावर एकदा मी आप्पांना विचारलं, वहीची ही पद्धत तुम्हाला कोणी शिकवली? ते म्हणाले, "कंपनीचं लॉगबुक रे. दुसरं काय."

केमिकल प्लॅंट तीन पाळ्यांत चालतो. सुटणाऱ्या पाळीचा ऑपरेटर लॉगबुकात लिहितो, कुठला रिॲक्टर कुठल्या तापमानाला आहे, कुठला पंप उघडून ठेवलाय, कुठला व्हॉल्व हात लावायचा नाही. येणारा ऑपरेटर ते वाचतो, दोघे एकत्र प्लॅंटवर चक्कर मारतात, मग सही. आप्पा सांगतात, नवीन असताना त्यांनी एकदा चक्कर न मारता सही केली होती, तर सीनियर ऑपरेटरने सगळ्यांसमोर वही त्यांच्या अंगावर फेकली. "लिहिलेलं वाचलंस, पण पाहिलंस का?"

अंगावर वही फेकण्याइतकं यात काय आहे, असं वाटत असेल तर ६ जुलै १९८८ ची गोष्ट वाचा. त्या दिवशी उत्तर समुद्रातला पायपर अल्फा हा तेल आणि वायूचा प्लॅटफॉर्म जळाला आणि १६७ माणसं मेली. दिवसपाळीने एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व दुरुस्तीसाठी काढला होता. त्याचा कागद केलेला होता, पण रात्रपाळीला ती गोष्ट पोचली नाही. दुसरा पंप बंद पडल्यावर त्यांनी हा सुरू केला. १९९० च्या चौकशी अहवालानंतर पाळी बदलताना काय सांगायचं, कसं लिहायचं हा जगभर गंभीर अभ्यासाचा विषय झाला. आपण ज्याला 'हॅंडओव्हर' म्हणून दोन ओळींची मेल टाकतो, तोच. आणि महाड एमआयडीसीतला माणूस ते शिस्त म्हणून शिकला, गावी घेऊन आला आणि त्यात देवळाची वर्गणी लिहू लागला.

*

आता आपल्याकडे काय झालं? अगदीच काही नाही असं नाही. १९८६ मध्ये सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने अर्नेट हे शैक्षणिक नेटवर्क सुरू केलं. त्यातली सुरुवातीची ई-मेल धावली ती आपल्या मुंबईतच, जुहूचं एनसीएसटी आणि पवईचं आयआयटी यांच्यात, टेलिफोनच्या डायल-अप जोडणीवर. सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, म्हणजे प्राध्यापक मंडळी त्याच्या बरीच आधी मेलवर एकत्र काम करत होती.

पण माझ्या विषयाला सगळ्यात जवळची कथा वारणेची आहे. सहकार म्हटलं की आपल्याला आधी साखर कारखानाच आठवतो, त्यामुळे हे योग्यच झालं. १९९८ मध्ये वारणानगरला 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सत्तर गावं, गावोगावी संगणकाची केंद्रं. खर्चाची वाटणी केंद्र सरकार ५० टक्के, राज्य ४० टक्के आणि वारणा समूह १० टक्के. स्वप्न मोठं होतं. शेतकरी बाजारभाव बघेल, शेतीचा सल्ला घेईल, इंटरनेट वापरेल. पेपरांत फोटो आले.

काही वर्षांनी बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधले राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो टोयामा तिथे गेले. इथे विद्यापीठ नव्हतं, कंपनीची प्रयोगशाळा आणि सहकारी कारखाना अशी जोडी होती. त्यांनी आधी नुसतं पाहिलं. तर केंद्रांचा खरा वापर कारखान्याच्या कामाला होत होता. उसाच्या नोंदी, खतं, वजन, बिलं. मोठं स्वप्न बाजूलाच राहिलं होतं आणि त्यासाठी घेतलेले संगणक सांभाळायचा खर्च मात्र चालूच होता. मग त्यांनी नवीन स्वप्न न विकता एक साधी गोष्ट केली. तेच काम एसएमएसवर आणलं. शेतकऱ्याने साध्या फोनवरून एसएमएस पाठवायचा आणि आपल्या उसाचा हिशेब उत्तरात मिळवायचा. सात गावांत आठ महिने चाचणी झाली. २००७ मध्ये त्यांनी लिहिलं की संगणकावरची सगळी कामं यात झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना हे जास्त आवडलं.

मला यात तंत्रज्ञानापेक्षा क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी कोण काय काम करतंय ते पाहिलं, मग यंत्र निवडलं. १९९८ ला उलटं झालं होतं, आणि २०२१ ला मीही उलटंच केलं.

*

महाडहून मुंबईकडे निघालं की थोड्याच वेळात लोणेरे लागतं. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, १९८९ सालच्या कायद्याने झालेलं. इथे बाबासाहेबांचं नाव का, हे महाडला वेगळं सांगावं लागत नाही. पण एक तपशील पुष्कळांना माहीत नसतो. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला होता. महाड नगरपालिकेने त्याप्रमाणे चवदार तळं १९२४ मध्येच खुलं केलं होतं. कागदावर. पाणी घेता आलं नव्हतं. त्यासाठी २० मार्च १९२७ ला हजारो माणसांना तळ्यापर्यंत चालत जावं लागलं, आणि त्याबद्दल मारही खावा लागला. त्या लढ्याची तुलना माझ्या शीटशी करायचा आचरटपणा मी करणार नाही. पण 'खुलं केलं' असं लिहिणं आणि माणसाला ते मिळणं यातलं अंतर या गावाइतकं कोणाला माहीत असणार?

एका बाजूला लोणेऱ्याचं विद्यापीठ, दुसऱ्या बाजूला तीन पाळ्यांत चालणारी महाडची एमआयडीसी, आणि मध्ये दर पावसाळ्यात फुगणारी सावित्री. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री याच नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी गेल्या. पूल नाही हे पुढच्या गाडीला कसं सांगायचं, हाच तेव्हा पहिला प्रश्न होता. एकमेकांना वेळेवर, खरं आणि नावानिशी कसं सांगावं, याचा अभ्यास करायला यापेक्षा चांगली जागा मला तरी सुचत नाही. लंडनच्या केंद्रात जसं कोणी शेजारी जाऊन बसलं, तसं इथे पाळी बदलताना जाऊन बसायला हवं. तहसील कचेरीच्या आपत्ती कक्षात जुलैमधली एक रात्र काढायला हवी.

मी माझ्यापुरतं जे केलं ते अगदी छोटं आहे. २०२२ च्या मे महिन्यात दोन दिवस आप्पांच्या शेजारी बसून ते वही कशी लिहितात ते पाहिलं. प्रश्न कमी विचारले. मग आम्ही ठरवलं ते असं: पावसाळ्यात रोज संध्याकाळी वहीच्या दोन्ही पानांचा फोटो काढायचा, आणि रेंज मिळेल तेव्हा तो मंडळाच्या ग्रुपवर जाईल. मुंबईकरांनी काही पाठवलं तर 'निघालं' एवढंच म्हणायचं. 'पोचलं' फक्त वहीत लिहिलं जाईल, तेही पाहून आलेल्याच्या नावाने. मी लिहिलेला कोड शून्य ओळी. अजून तरी चाललंय.

आप्पांचं वय झालंय, अक्षर आता हलतं. त्यांची नात लोणेऱ्याला कॉम्प्युटरला आहे. शनिवारी ती म्हणाली, "काका, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला मी आजोबांच्या वहीचं ॲप करू का?" मी तोंड उघडायच्या आत आप्पाच म्हणाले, "कर की. पण आधी एक पावसाळा वही तू लिही."

तिने तिथल्या तिथे वही ओढून घेतली. उजव्या पानावर आप्पांच्या हलत्या अक्षराखाली तिचं पहिलं वाक्य आहे: 'वरच्या वाडीच्या रस्त्याला भेग. मी स्वतः पाहिली. तलाठ्यांना सांगणे.' खाली वेळ आणि नाव.

ता. क. - रविवारी संध्याकाळच्या फोटोत त्या ओळीपुढे बरोबरची खूण आहे, तलाठ्यांना सांगून झालंय. माझी कौलं आणि सातबारा मात्र अजून 'पुढच्याला' मध्येच आहेत.